साम्य आणि ओढ

समत्वाचा उपदेश आपल्या विचारपरंपरेत इतक्या मुखांनी आणि इतक्या शतकांपासून चालत आला आहे की, समत्व म्हणजे नेमकी कोणती अवस्था, हे विचारण्याची गरजच ऐकणाऱ्यास वाटेनाशी झाली आहे. गीतेने योगाचे लक्षण समत्वाच्या आधारे सांगितले. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात साम्यबुद्धीस कर्मयोगाचे अधिष्ठान ठरविले. विनोबांनी आपल्या जीवनविचारास साम्ययोग हे नाव दिले. सांख्यांनी तर विश्वाची मूळ प्रकृती हीच त्रिगुणांची साम्यावस्था म्हणून मांडली. आणि जैनांनी सामायिक या नावाने एका मुहूर्ताची, म्हणजे ४८ मिनिटांची, समभावाची साधना श्रावकाच्या दिनक्रमात बसविली. ही सारी एकाच वस्तूची वर्णने आहेत काय, आणि नसल्यास कमावणाऱ्या, संसार करणाऱ्या, वाटणीवरून भांडणाऱ्या माणसाने त्यांपैकी कोणत्या साम्याची आस धरावी, हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. त्याचा विचार मी येथे एका यांत्रिक कामाच्या आधाराने करणार आहे. मोटारसायकलीच्या दोन थ्रॉटल बॉडींचा तोल घरच्या अंगणात तपासणे आणि जुळविणे हे ते काम. आणि ते ज्या प्रदेशात करावयाचे तो बारामती-इंदापूरचा असल्यामुळे या विचारात कालव्याचे पाणीही शिरल्यावाचून राहणार नाही.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील हे दोन तालुके यंत्राला परके नाहीत. नीरेच्या डाव्या कालव्याने येथे ऊस वाढविला, उसाने साखर कारखाने आणले, आणि कारखान्यांनी फिटर, टर्नर, वेल्डर यांच्या पिढ्या घडविल्या. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरात साखरेच्या शेजारीच अवजड यंत्रांची निर्मिती उभी राहिली. आणि बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओ या इटालियन कंपनीने प्रथम आपे ही तीनचाकी, २०१२ पासून व्हेस्पा, आणि अलीकडे, २०२३ च्या अखेरीस भारतात विक्रीस आलेली अप्रिलिया आरएस ४५७ ही दोन सिलिंडरांची मोटारसायकल बांधण्यास प्रारंभ केला. येथल्या रस्त्यांवर दुधाच्या किटल्या आणि वैरणीचे भारे वाहणाऱ्या बहुतेक गाड्या एकाच सिलिंडरच्या असतात, आणि अशा गाडीला साम्याचा प्रश्न पडतच नाही. जेवढी हवा मिळेल तेवढी तिची. शेजारी दुसरा सिलिंडर आला की तुलना, वाटणी आणि तक्रार ही तिन्ही एकदम जन्मास येतात. पूर्वी राजदूत ३५० च्या जोड कार्बुरेटरांनी मिस्त्र्यांसमोर हा मामला उभा केला होता. आज रॉयल एन्फील्डच्या ६४८ घनसेंटिमीटरच्या जोडसिलिंडर गाड्यांनी आणि बारामतीतच तयार होणाऱ्या या अप्रिलियाने तो पुन्हा समोर आणला आहे.

थ्रॉटल बॉडी दिसावयास अगदी साधी असते: धातूची एक आखूड नळी, आणि तिच्यात आसावर फिरणारी एक गोल चकती, जिला कारागीर बटरफ्लाय म्हणतात. मूठ पिळली की चकती उघडते आणि खाली उतरणारा पिस्टन आपल्या ओढीने हवा आत घेतो; चकती जितकी मिटलेली, तितकी तिच्या आणि इंजिनाच्या दरम्यान विरळता, म्हणजेच व्हॅक्यूम, अधिक. गाडी स्लोवर उभी असते तेव्हा दोन्ही चकत्या जवळजवळ मिटलेल्याच असतात आणि त्यांच्या काठाशी उरलेल्या फटीतूनच दोन्ही सिलिंडर श्वास घेतात. अशा वेळी त्या फटीत केसाएवढा फरक पडला तरी एकाच्या वाट्यास दुसऱ्याच्या मानाने पुष्कळच कमी हवा येते, इंजिन थरथरू लागते, मूठ हलकेच उघडताना हिसका बसतो, आणि कधी कधी चौकात थांबलेली गाडी आपसूक बंद पडते. हीच गाडी मूठ पूर्ण पिळून मोकळ्या रस्त्यावर सोडली असता त्या केसभर फरकाची काहीच मातब्बरी उरत नाही, कारण मोठ्या उघडिपीच्या हिशेबात तो नगण्य ठरतो.

वैषम्य आवेगात झाकले जाते आणि विसाव्यात उघडे पडते, ही गोष्ट मला प्रथम लक्षात ठेवण्यासारखी वाटते. माणसाची परीक्षा संकटात होते असे आपण सहज म्हणतो. परंतु संकटात सगळ्यांचीच मूठ पूर्ण पिळलेली असते, आणि महापुराच्या किंवा दुष्काळाच्या दिवसांत एका पंक्तीस बसणारे गाव सुगीच्या स्वस्थ दिवसांत पुन्हा आपापल्या आळ्यांत विभागले जाते. ज्याला समता पाहावयाची आहे त्याने ती मंदगतीत पाहावी. सामायिकासाठी जैन परंपरेने एक मुहूर्त इतर सर्व व्यवहार बाजूस ठेवून बसण्याचा नियम केला, त्यामागे हीच दृष्टी असावी असे मला वाटते. चित्त कामाच्या भरात असताना त्यातील रागद्वेषांचा कल कळत नाही, तो स्थिर बसल्यावरच कळू लागतो.

आता तपासणीच्या साधनाकडे वळू. बाजारात काट्यांची तबके मिळतात, पूर्वी पाऱ्याच्या कांड्या मिळत. परंतु पारा विषारी आहे, आणि काट्यांची दोन तबके एकमेकांशी खरी असतीलच अशी हमी नसते. गवंडी भिंतीची समपातळी पाहण्यासाठी जी पारदर्शक लेव्हल नळी वापरतो, ती तीन-चार मीटर घेऊन एका फळीवर उभ्या वाकणाने बसवावी, तिच्या तळाशी टूटी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल, भरावे, आणि तिची दोन टोके दोन्ही सिलिंडरांच्या व्हॅक्यूमच्या तोट्यांना जोडावी, इतकी ही तजवीज आहे. पाणी न भरता तेल भरावयाचे ते अशासाठी की, ओढ अनावर होऊन थोडे द्रव इंजिनात गेलेच तर तेल धूर करून जळून जाते; तथापि दोन्ही बाजूंस एकेक लहान बाटली मध्ये बसविली म्हणजे तेही भय उरत नाही. पारा तेलाच्या सुमारे पंधरापट जड असल्यामुळे, पाऱ्याच्या कांडीत जो फरक एका सेंटिमीटरचा दिसेल तो तेलाच्या नळीत सुमारे पंधरा सेंटिमीटरांचा दिसतो. आणि पुष्कळ सेवापुस्तिका जी मर्यादा घालून देतात ती याच एक-दोन सेंटिमीटर पाऱ्याच्या आसपासची असल्याने, अंगणातली ही नळी त्या मर्यादेच्या कितीतरी आतला भेद डोळ्यांस दाखविते.

परंतु या नळीचे खरे वैशिष्ट्य तिच्या सूक्ष्मतेपेक्षा निराळे आहे. ती कोणत्याही सिलिंडराची ओढ स्वतंत्रपणे मोजत नाही. किती ओढ आहे असे तिला विचारले तर तिच्यापाशी उत्तर नाही. एकाची ओढ दुसऱ्याच्या ओढीसमोर ठेवून ती केवळ रुजुवात घालते, आणि रुजुवात घालणारे तेल दोन्ही बाजूंस एकच असल्यामुळे त्याच्याकडून पक्षपात संभवत नाही. समत्व हा कोणा एका वस्तूचा गुण नसून दोहोंमधला संबंध आहे. म्हणूनच गीतेने ते सांगताना सुख आणि दुःख, लाभ आणि हानी, जय आणि पराजय अशी द्वंद्वे पुढे ठेवली, आणि म्हणूनच अरण्यात एकटा राहणाऱ्यासही आपल्या चित्तात दोन पक्ष उभे केल्याशिवाय सम होता येत नाही.

इंजिन पुरेसे तापवून, मोकळ्या हवेत, धुराचा कोंडमारा होणार नाही अशा जागी गाडी उभी करून ती स्लोवर चालू ठेवली की नळीतले तेल एका बाजूस चढू लागते. पाहणाऱ्याचा पहिला समज असा होतो की, ज्या सिलिंडराकडे तेल चढले तो बलवान, त्यालाच अधिक मिळत असले पाहिजे, आणि त्याला आवरले पाहिजे. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. तेल चढते ते ज्याची चकती अधिक मिटलेली आहे त्याच्याकडे. त्याच्या पिस्टनाला पुरेशी हवा मिळत नाही, म्हणून त्याच्या नळीत विरळता वाढते, म्हणून त्याची ओढ अधिक भासते. ज्याची फट मोकळी आहे तो पोटभर घेतो आणि त्याची ओढ मंद असते. सर्वांत अधिक ओढणारा तो सर्वांत कमी वाटा मिळणारा, हा या कामातला मुख्य नियम. आणि नवखा मनुष्य अधिक ओढणाऱ्याचीच फट आणखी मिटवितो, तेव्हा तेल बाटलीपर्यंत धाव घेते आणि इंजिन गुदमरते.

या नियमाचा मी जितका विचार करतो तितकी तृष्णेविषयीची आपली नेहमीची भाषा मला अपुरी वाटू लागते. वासना, आसक्ती, हाव यांना आपण बळाची चिन्हे मानून त्यांच्या दमनाचा उपदेश करतो, आणि काही ठिकाणी तो योग्यही असेल. परंतु जेथे ओढ दिसेल तेथे प्रथम द्वार किती मिटले आहे हे पाहावे, आणि मगच दमनाची भाषा बोलावी, हा क्रम आपल्या प्रवचनांत क्वचितच आढळतो. मुलाच्या हट्टात, सुनेच्या कटकटीत, सालगड्याच्या आगाऊ उचलीच्या मागणीत जे जोराने ओढणारे दिसते ते बहुधा उपाशी असते, आणि शेजारी जो शांत, संयमी, समाधानी म्हणून वाखाणला जातो त्याची फट मोकळी असते एवढेच कित्येकदा खरे असते. ज्याला मिळत आहे त्याच्या शांतीस समत्व म्हणणे हा मोठा अविचार होय.

येथे नीरेच्या डाव्या कालव्याचे उदाहरण घेतल्यावाचून राहवत नाही. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात हा कालवा चालू झाला आणि पुरंदर तालुक्याच्या कडेने बारामतीत व पुढे इंदापुरात उतरला. मुखाशी असलेल्या शेतकऱ्याच्या आणि टेलला असलेल्या शेतकऱ्याच्या चारीचे दार सारखेच उघडले तरी दोघांच्या शेतात सारखे पाणी पडत नाही; वाटेत पाझर आहे, गाळ आहे, वरच्यांचा उपसा आहे, आणि टेलला आवर्तनाचे पाणी पोहोचेपर्यंत पाळी संपत येते. दप्तरात दारे समान असतात, आणि आरडाओरड टेलला असते. पाटकऱ्याच्या वहीत जो सर्वांत तक्रारखोर ठरतो, तो बहुधा सर्वांत कोरडा असतो. थ्रॉटल बॉडीवरही चकत्यांच्या फटी डोळ्यांनी पाहून सारख्या करणे म्हणजे साम्य नव्हे, कारण दोन सिलिंडरांची झीज, त्यांच्या झडपांची बसकण, त्यांच्या नळ्यांची घडण ही कधीच तंतोतंत एक नसतात. तोल साधल्यानंतर दोन फटी मोजल्या तर त्या पुष्कळदा असमानच भरतात. समान करावयाची ती ओढ; द्वारे त्या ओढीच्या मानाने कमीअधिक उघडावी लागतात. चातुर्वर्ण्यापासून मालमत्तेच्या वाटणीपर्यंत, समता म्हणजे सर्वांना एकच माप आणि विषमता म्हणजे निरनिराळी मापे, असा जो सोपा हिशेब उभय पक्ष मांडतात, तो मला या एका अनुभवाने अग्राह्य वाटतो.

तथापि ओढ समान झाली म्हणजे सर्व झाले असे मानण्यातही फसगत आहे. तोलाच्या पेचाला हात लावण्यापूर्वी टॅपेट तपासावे, रबरी नळीला चीर पडून इंजिन बाहेरची हवा खात नाही ना हे पाहावे, प्लग आणि हवेची जाळी साफ करावी, असे जाणता मिस्त्री सांगतो. आणि कारखान्यात बसवून रंगाची खूण केलेल्या थांब्याच्या पेचास तर मुळीच स्पर्श करू नये अशी ताकीद देतो. याचे कारण असे की, ज्याची नळी फाटली आहे किंवा ज्याची झडप पुरती बसत नाही, त्या सिलिंडराचीही ओढ मंद दिसते. तृप्ताची मंद ओढ आणि व्याधिग्रस्ताची मंद ओढ या नळीवर अगदी एकसारख्या उमटतात. आणि दोष तसाच ठेवून पेच फिरविला तर तेल समपातळीवर येते, पण निरोगी सिलिंडर रोग्याच्या पातळीस आणलेला असतो. तमोगुणाची जडता सत्त्वाच्या शांतीसारखी दिसते, हे आपल्या शास्त्रकारांनी ओळखले होते. दैन्याने ज्याची मागण्याची शक्तीच नष्ट झाली त्या माणसाला संतोषी म्हणून गौरविणे, आणि त्याच्याकडे बोट दाखवून इतरांनी आपली ओढ कमी करावी असे सांगणे, हे या खोट्या साम्याचे सामाजिक रूप आहे, आणि धर्माच्या नावाने ते आपल्याकडे पुष्कळ काळ चालले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. नळी फळीवर बसवून तेल भरले आणि इंजिन अद्याप चालूच केले नाही, तेव्हाही तेल समपातळीवर असते. दोन तासांच्या खटपटीनंतर तोल साधला, तेव्हाही ते समपातळीवर येते. दोन्ही वेळा फळीवरची रेघ तीच. सांख्यांची साम्यावस्था ही पहिल्या प्रकारची आहे. तेथे गुणांत क्षोभ नाही म्हणून साम्य आहे, आणि क्षोभ होताच सृष्टी आणि वैषम्य ही एकाच क्षणी सुरू होतात, म्हणून त्या साम्याकडे परतणे म्हणजे सृष्टीचा लय. गीतेला जे समत्व अभिप्रेत आहे ते दुसऱ्या प्रकारचे, कारण ते युद्धभूमीवर, शस्त्र टाकून बसलेल्याला पुन्हा उभे करण्यासाठी सांगितलेले आहे. आणि टिळकांनी साम्यबुद्धी व कर्मत्याग यांची जी फारकत केली तिचे बळ मला या भेदात दिसते. बाह्यतः एकरूप दिसणाऱ्या या दोन साम्यांची गल्लत हीच आपल्या धार्मिक जीवनातील एक दीर्घकालीन चूक आहे, असे माझे मत आहे. थांबलेल्या माणसाचा तोल पाहून आपण चालणाऱ्यांनी थांबावे असा निष्कर्ष काढत आलो.

दोहोंतला भेद ओळखण्याची खूण मात्र नळीतच आहे. चालत्या इंजिनाच्या समपातळीत तेल बारीकसे कापत असते, कारण प्रत्येक ओढीबरोबर ते किंचित सरते आणि परत येते. हा कंप फार असेल तर वाचन कठीण होते, म्हणून नळीत अरुंद छिद्राचा अडसर घालून तो कमी करतात. पण छिद्र फारच बारीक केले तर तेल निश्चल दिसू लागते आणि खरा फरकही उशिराने उमटतो. जिवंत समत्वात कंप असतोच. स्थितप्रज्ञाला दुःख जाणवतच नाही असे जे चित्र रंगविले जाते, ते मला या कारणाने पटत नाही; जाणवते, सरते आणि परत येते, एवढेच म्हणण्यास आधार आहे. वालचंदनगरचे नाव ज्यांच्यावरून पडले ते वालचंद हिराचंद जैन घराण्यातले आणि आयुष्यभर उद्योगात बुडालेले गृहस्थ. अशा माणसाच्या धर्मात सामायिकाला ४८ मिनिटांची मर्यादा आहे याचा अर्थ मला असा दिसतो की, श्रावकाने त्यातून उठून पुन्हा पेढीवर किंवा कारखान्यात जावयाचे हे तेथे गृहीतच धरले आहे.

आणखी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. तोल जुळविणे म्हणजे दोन सिलिंडरांनी एकाच क्षणी ओढणे, असे पुष्कळांस वाटते. अप्रिलिया आरएस ४५७ काय किंवा एन्फील्डची ६४८ काय, दोन्हींचा क्रँक २७० अंशांचा आहे. त्यामुळे एका स्फोटानंतर दुसरा २७० अंशांनी आणि त्यानंतरचा ४५० अंशांनी येतो, आणि दोन पिस्टन कधीच एका वेळी श्वास घेत नाहीत. त्यांचा ताल विषम आहे, वाटा सम आहे. तुकोबांची पालखी उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव केतकी या मार्गाने इंदापुरास येते, तेव्हा रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो, प्रत्येक दिंडीचा अभंग त्या वेळी निराळा असतो, आणि तरीही वारीतील समतेस त्याने बाध येत नाही. बेलवाडीच्या रिंगणात तर पताकावाले, तुळशीवाल्या, विणेकरी आणि अश्व आपापल्या पाळीने धावतात.

पेच फिरवावयाचा तो चतुर्थांश फेऱ्याहूनही कमी, आणि प्रत्येक फिरवणीनंतर एकदा हलकी रेस देऊन तेल पुन्हा स्थिर होईतो हात मागे घ्यावयाचा. ज्या गाड्यांत मूठ आणि चकती यांच्यामध्ये तार नसून विद्युत्संकेत आहे, त्यांत घरी काय करावे आणि काय केंद्रावर सोपवावे याचा अधिकार त्या गाडीच्या सेवापुस्तिकेचा आहे, आणि तो मानावा. जेथे पेच आहे तेथे अखेरीस एक गोष्ट हमखास घडते: उपाशी सिलिंडराची फट उघडताच इंजिनाची एकंदर गती वाढते, आणि पूर्वी ठरविलेली स्लोची गती चुकीची ठरून ती नव्याने लावावी लागते. एकाला त्याचा वाटा द्यावा आणि बाकी सर्व पूर्ववत राहावे, असे येथे होत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली, तीत अधिक गावांपर्यंत पाणी नेण्यासाठी प्रत्येक ब्लॉकातील उसाच्या क्षेत्रालाच मर्यादा घालावी लागली होती. टेलच्या शेतकऱ्यास पाणी मिळाले पाहिजे असे आज बारामती-इंदापुरात प्रत्येक सभेत बोलले जाते, पण उसाचे एकंदर क्षेत्र किती असावे हा प्रश्न त्याच सभेत, त्याच ठरावात घेतला जावा, असे मी आग्रहपूर्वक म्हणेन.